तेरा नंबरची पाटी

"पाटी काढा. आत्ताच्या आत्ता काढा," म्हातारा म्हणाला आणि माझ्या भिंतीला पाठ लावून उभाच राहिला.

दहाला उद्घाटन. पावणेदहा वाजलेले. सात शाळांची पोरं फाटकाबाहेर ताटकळलेली, आणि हे नवीनच लचांड! माझं डोकंच सणकलं.

चार महिने खपून मी ती भिंत उभी केली होती. आमच्या कॉलेजच्या अकरावीतल्या एकतीस मुली, एकतीस नावांच्या पाट्या आणि प्रत्येकीखाली बटण. दाबलं की त्या मुलीच्या आवाजात 'हजर' ऐकू येतं. सहा जणींची वर्षभरात लग्नं लावून दिली, त्यांची बटणं मुकी. मुकं बटण ज्यानं दाबलं त्यानं शेजारच्या फळ्यावर लिहायचं, 'हे थांबवायला मी काय करणार'. पोरांना हादरवायचंच होतं मला.

"तुम्ही कोण?"

"मल्हारराव. कन्नड गावावरनं आलो. तेरा नंबरची प्रेरणा माझी नात हाय."

"मग लाज वाटायला हवी तुम्हाला! सतराव्या वर्षी पोर उजवलीत, आता नावही पुसायला आलात?"

"वाटती की," तो हळूच म्हणाला. "पन बाई, तिचा धाकटा दीर आज शाळेसंगं हितंच येनार हाय. लग्नात तांदळात लिवून नाव बदललं तिचं. शहागंजात, सासरी, ती आता श्रेया. जुनं नाव तोंडातून गेलं तरी सासू लई बोलती. हे असं भिंतीवर दिसलं तं काय व्हईल तिचं?"

प्राचार्यांची परवानगी घेतली होती, संस्थेची घेतली होती. त्या सहा जणींपैकी एकीलाही विचारलं नव्हतं. हजेरीपटात नावं आहेत ना, मग झालं! आता लाज मला वाटली.

बाहेर पाहुण्यांची गाडी थांबली. मी पेचकस घेतला. चौथा स्क्रू निघता निघेना. "अतुल, बाकीच्या पाच पण काढ, पळ!" मी वायरमनवर ओरडले.

पाटी निघाली. मल्हाररावांनी हात पुढे केला.

"आता काय, मोडून टाकता?"

"मोडतो कशाला? वर्गातल्या मैत्रिणीकडनं कळलं तिला, तिनंच धाडलंय मला. काढ म्हनली, पन फेकू देऊ नको. मला आनून दे, पेटीच्या तळाला ठिवते म्हनली."

उपरण्यानं त्यांनी पाटी पुसली. फाटकाकडे एकदा बघितलं.

"बाई, पेपर हाय का एखादा? गुंडाळून न्यावी लागंल."