फोटोपुरतं औषध

मित्रांनो, मी एक इवलीशी काचेची बाटली आहे. माझ्यात लाल औषध आहे, पण ते आता कुणाच्याही कामाचे नाही.

कारखान्यात माझ्या औषधाचा कण अन् कण चरबीच्या कवचात बंद केला होता. केसाच्या जाडीत शेकडो मावतील, एवढी ती कवचे बारीक. रक्तातून फिरत ती कॅन्सरच्या गाठीपर्यंत जातात आणि तिथे औषध हळूहळू सोडतात. त्यामुळे हृदयाला इजा कमी होते. मला गारव्यात ठेवावे लागते, पण गोठवून चालत नाही. गोठले की कवचे फुटतात.

बीडच्या दवाखान्यात ऊसतोड करणाऱ्या दगडाबाई होत्या. पोटात कॅन्सरची गाठ, त्यात हृदय कमजोर. साधे औषध त्यांना सोसणार नव्हते. सिरसाळ्याचे पुढारी अमरसिंह यांनी मला विकत घेतले, पण द्यायचे ठरवले जाहीर कार्यक्रमात. दगडाबाईंची लेक करिष्मा मंडपात येऊन बसली.

पुढारी काही येईनात. मला ठेवलेल्या पेटीतला बर्फ विरघळला. त्यांचा कार्यकर्ता रविराज मला घेऊन शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडे निघाला.

करिष्मा त्याच्यामागे धावली. "दादा, गोठवू नका म्हणलेत डाक्टर!"

"जेवढं गार तेवढं चांगलं. कावून घाबरायलीस?"

त्या फ्रीझरमध्ये माझा दगड झाला. पुढारी आले तोवर मला बाहेर काढले होते. वितळून मी पुन्हा लाल दिसू लागले. अमरसिंहांनी मला उंच धरले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. आतून मी संपले होते.

दवाखान्यात मंगल सिस्टरांनी विचारले, "कुठं गोठली न्हाई ना?"

करिष्माने माझ्याकडे बघितले. गप्प राहिली असती, तर मी तिच्या आईच्या शिरेत गेले असते.

"गोठलती," ती म्हणाली. सिस्टरांनी मला बाजूला ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी करिष्माने नवी बाटली मागायला रविराजला फोन लावला. तो म्हणाला, "एकदा दिलंय ना? पेपरात फोटो आलाय की."

"औषध यायलंय का गं?" दगडाबाई रोज विचारत.

"यायलंय, माय."

ते आलेच नाही. गाठ थांबली नाही. करिष्मा आईला घेऊन गेली, तेव्हा दगडाबाईंच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

मित्रांनो, औषध देणाऱ्याने हवे तेवढे हार घालून घ्यावेत. पण आधी ते रोग्यापर्यंत जिवंत पोहोचू द्यावे. आणि एखादी लेक "असं करू नका" म्हणाली, तर तिचे ऐकावे.