चाळणीतून गळलेली अकरा वर्षं

आमच्या गावात देवाला कीर्तन लागतं आणि समितीला ठराव लागतो. यंदा त्यात सॉफ्टवेअरची भर पडली.

मुख्य रस्त्यापासून आत रवळनाथाचं देऊळ आहे. तिथे वैशाखात सात दिवस संध्याकाळचं कीर्तन असतं आणि ते आनंदीबाई करतात. मी निवृत्त शिक्षक, देवस्थान समितीचा सभासद. पण माझी खरी ओळख पहिल्या खांबाला टेकून बसणारा श्रोता हीच. पूर्वरंगात माझी मान डोलते, उत्तररंगात डोळे पाझरतात, आणि दोन्ही सवयी बाईंनीच लावलेल्या.

अध्यक्ष भाईंचा मुलगा यज्ञेश पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी राहून करतो. नोकरभरतीचे अर्ज गोळा करायचे आणि त्यांची पारख करून आलेख काढायचे, असं सॉफ्टवेअर ती कंपनी विकते. गावात रेंज फक्त सभामंडपात मिळते म्हणून तो दिवसभर तिथे बसतो, आणि भाईंना वाटतं पोराचं मन देवावर बसलं. यंदा समितीने कायम कीर्तनकार नेमायचं ठरवलं. यज्ञेश म्हणाला, ओळखीपाळखीने नको, पद्धत पारदर्शक ठेवू. पारदर्शक या शब्दापुढे आमच्या समितीत आजवर कोणी तोंड उघडलेलं नाही.

चौदा अर्ज आले. बाईंचा मीच भरला. वय एकसष्ट, अनुभव चौपन्न वर्षं. सातव्या वर्षी वडिलांनी त्यांना याच देवळात पाटावर उभं करून हातात झांज दिली होती, तिथपासूनची.

सभेत पडदा म्हणून पुजाऱ्याचं धुतलेलं धोतर टांगलं. यज्ञेशने समजावलं की हे फिल्टर एक रकाना दुसऱ्या रकान्याशी ताडून बघतं. वयातून अनुभव वजा करायचा. अठरापेक्षा कमी उरले तर अनुभव खोटा, कारण अठराच्या आत कोणी नोकरीला लागत नाही. त्याने बटण दाबलं आणि धोतरावरून तेरा नावं नाहीशी झाली. सगळे लहानपणी बापामागे नाहीतर गुरूमागे टाळ धरून उभे राहिलेले. उरला एकटा तळेरे गावचा सुशांत. वय सव्वीस, अनुभव सहा. तो शाळाशाळांतून व्यक्तिमत्त्व विकासावर बोलतो. कीर्तन येतं का, असा रकाना फॉर्मात नव्हता.

मी विचारलं, ज्या बाळाने आईच्या पोटातच नाम ऐकलं, त्याची कथा आपण दरवर्षी ऐकतो. त्याचा अनुभव तर वयापेक्षा जास्त निघेल, त्याचं काय करायचं? यज्ञेशने प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं की अशी नोंद चुकीच्या माहितीच्या यादीत जाते.

मुलगा वाईट नाही. सभा उठल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. अनुभव त्रेचाळीस करा, गुरुजी, बाईंचं नाव लगेच परत येईल. तेरा जणांमधल्या एकीला तरी वाचवावं म्हणून मी बाईंकडे गेलो. त्या अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. घरात दुसरं माणूस नाही. वर्षभर त्या या सात दिवसांसाठी घसा जपतात. आलेल्या-गेलेल्याला आइस्क्रीमचा आग्रह करतील, स्वतः चमचा लावणार नाहीत.

"म्हणजे अकरा वर्सां कमी करूची?" त्यांनी विचारलं.

कागदावर फक्त, असं मी म्हणालो. माझं मलाच ते बरं वाटलं नाही.

"मी अठराची झालंय तेव्हा बाबा गेले. तुमका खंयची अकरा व्हयी, कळता मां गुरुजी? बाबांच्या वांगडा गेली, तीच." हातातलं आमसूल त्यांनी पुन्हा पुन्हा सरळ केलं. "ती खोडलंय तर मगे रवतला ता कीर्तन माझा न्हय."

मी चहा न घेताच उठलो.

आमच्याकडे कुठलीही नेमणूक देवापुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय पुरी होत नाही. अध्यक्ष हातात नारळ घेऊन एकेक वाक्य देवाला सांगतात आणि प्रत्येक वाक्याला गाव रुकार देतो. रुकार मिळाल्याशिवाय पुढचं वाक्य घ्यायचं नाही. यज्ञेशने मुद्दे छापून दिले होते. गाव जमला. बाई बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या होत्या, सुशांत पुढे, इस्त्रीच्या झब्ब्यात.

"बा देवा रवळनाथा, चौदा जणांनी अर्ज केले आसत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ते कंप्युटरान पारखून घेतले आसत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आवाज जरा विरळ झाला.

"त्यात आनंदीबाईंचो अनुभव खोटो ठरलो आसा, म्हाराजा."

कोणी बोललं नाही.

भाईंनी तेच वाक्य पुन्हा वाचलं. कोणीतरी खोकलं. मी उभ्या आयुष्यात गाऱ्हाण्याला सवयीनेच व्हय म्हणत आलोय, पण त्या दिवशी ओठ घट्ट मिटून होतो. सुशांतसुद्धा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. भाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा मोबाईल वरखाली करत होता, पण या अडचणीची सूचना त्यात नव्हती. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडता येत नाही. देव ताटकळलेला, नारळ हातात.

भाईंनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"बा देवा, ती पाटार उबी रवली तेव्हा मी समोर बसललंय. तिची झांज पडली, ती मीच उचलून दिलंय. आमी दोगांय खोटी न्हय, म्हाराजा."

रुकार असा आला की शिखरावरचे पारवे उडाले. नारळ फुटला. सुशांतने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि प्रसादाचे दोन तुकडे घेतले.

सॉफ्टवेअर मात्र असं ऐकत नाही. गाळलेला अर्ज परत घ्यायचा तर कारण द्यावं लागतं, आणि त्यातल्या पाच तयार कारणांत एकही बसेना. यज्ञेशने 'इतर' निवडून लिहिलं, "गावाने रुकार दिला नाही." चौपन्नचा आकडा त्याने तसाच ठेवला. त्यामुळे बाईंचं नाव लाल राहिलं आणि उत्सवभर रोज सकाळी यंत्र त्याला विचारू लागलं: अनुभव पडताळला का?

मग तो मला विचारी, कालचं कीर्तन कसं झालं. मी सांगे, मान डोलली, डोळे पाझरले. तो तशी खूण करी. संध्याकाळपर्यंत नाव पुन्हा लाल.

सातव्या दिवशी तो विचारायला आला नाही. संध्याकाळी गेलो तर माझ्या खांबाला टेकून तोच बसला होता. लॅपटॉप मिटलेला होता. मी दुसरा खांब शोधला.