जिन्यावरची पाहणी

शुक्रवारपर्यंत शाळेला कळवायचं होतं, भिंगरी पोहायला येणार की नाही. भिंगरी म्हणजे माझी सहा वर्षांची लेक. अडीच महिन्यांपूर्वी आम्हा तिघांना कोविड झाला, आणि तेव्हापासून ती जिना चढताना दर मजल्यावर बसकण मारायला लागली. डॉक्टरांनी छाती, रक्त, सगळं तपासलं. काही सापडलं नाही. हळूहळू खेळू द्या, म्हणाले. पण मी लाँग कोविडबद्दल, म्हणजे कोविड गेल्यावरही महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या त्रासाबद्दल, वाचून बसले होते. एका लेखात तो शंभरात तीस जणांना, दुसऱ्यात शंभरात तिघांना. माझा जीव अर्थातच तिसाला चिकटला.

मग मी स्वतःच पाहणी करायला घेतली. वही-पेन घेऊन चौथ्या मजल्यावर, आमच्या दारापुढे उभी राहिले. वर येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, कोविड होऊन गेलाय का आणि हल्ली थकवा येतो का. दोन दिवसांत होऊन गेलेले एकवीस जण मिळाले, त्यातले सतरा थकलेले. एक काका तर उत्तर द्यायच्या आधी आमच्या चपलांच्या कपाटालाच टेकले.

वही वन्संपुढे ठेवली. या माझ्या थोरल्या नणंदबाई. एका संस्थेत आकडेवारी तपासतात आणि घरी बिस्किटाच्या पुड्याचंही वजन पडताळून बघतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"लिफ्ट कधीपासून बंद आहे गं?"

"तीन महिने झाले."

"आणि तू या सगळ्यांना चौथ्या मजल्यावर गाठलंस."

भाजी चिरणारा नवरा सुरी खाली ठेवून हसायला लागला. वन्संनी पुढे विचारलं, कोविड न झालेले थकत नाहीत का? त्यांना मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तळमजल्यावर, लोक जिना चढायच्या आधीच त्यांना अडवलं. त्याच एकवीस जणांतले आता नऊच थकलेले निघाले. कोविड कधीच न झालेल्या अकरा जणांपैकी चार.

"म्हणजे लाँग कोविड वगैरे थोतांडच?" मी आशेनं विचारलं.

वन्संनी नकारार्थी मान हलवली. पाचव्या मजल्यावरच्या शिंपीणबाई कोविड झाल्यापासून आठ महिने तासभरसुद्धा मशीनवर बसू शकलेल्या नाहीत, त्या या नवांतल्याच. तो आजार खराच आहे. फक्त तो किती जणांना, हे कशाला आजार म्हणता, कुणाला विचारता, कुणाशी ताडून बघता, यावर ठरतं. म्हणून कुठे तीस, कुठे तीन. आणि बत्तीस जणांच्या वहीवरून तर काहीच ठरत नाही.

"मग माझ्या पोरीचं काय?"

"ते टक्केवारी कशी सांगेल? तिलाच विचार की."

भिंगरी चित्र रंगवत होती. जिन्यात का बसतेस, असं विचारल्यावर तिनं मान वर न करता सांगितलं, "तू प्रत्येक वेळी विचारतेस ना, दमलीस का? मग मी बसते. तू पाठीवरून हात फिरवतेस. छान वाटतं."

या वेळी नवरा हसला नाही. हसले ती मीच, आणि डोळे पुसून फॉर्मवर सही केली.

पहिल्या दिवशी दहाच मिनिटं, असं शिक्षिकेशी ठरवलं होतं. मी बाकावर ओठ घट्ट मिटून बसले, एकही प्रश्न विचारला नाही. वेळ संपल्यावर हाक आली, तर भिंगरी बाईसाहेब काठ धरून पाण्याखाली लपल्या. बाहेर काढायला आम्ही दोघी लागलो.

दुसऱ्या दिवशी थकवा येतोय का, हे बघायला मी पहाटेच उठले. भिंगरी आधीच पोहण्याची टोपी घालून पलंगावर बसली होती.