नऊ बदामांचे कोपरे

मित्रांनो, मी एक जुना पत्त्यांचा कॅट आहे आणि सध्या माझा जीव टांगणीला लागला आहे. या घरातल्या आईला एक गोष्ट कळायला हवी. ती सांगू शकेल असा मी एकटाच तिच्या जवळ उरलो आहे, आणि मला बोलता येत नाही. तशी राजा, राणी, गुलाम यांची वरची आणि खालची मिळून माझ्याकडे चोवीस तोंडे आहेत, पण त्यांतले एकही वेळेला उघडत नाही. म्हणून तुम्हाला गाठले. जरा नीट ऐका.

माझा जन्म छापखान्यातला. तिथे आम्ही सगळे पत्ते एकाच मोठ्या कागदावर शेजारी शेजारी होतो. मग पाते आले आणि आमचे तुकडे झाले. कोपरे गोल केले, वर गुळगुळीत थर चढवला आणि डबीत बसवले. तेव्हा मी इतका कडक होतो की पिसताना हातातून सटकायचो. बरोबर दोन जोकर होते. ते पहिल्याच वर्षी हरवले आणि खरे सांगायचे तर कोणाचे काही अडले नाही.

मला विकत घेतले ते कपड्यांच्या कारखान्यातल्या एका कटरने. दिवसभर कापड बेतायचे आणि कापायचे, हे त्यांचे काम. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. मुलीला कांजिण्या झाल्या होत्या आणि तिने घर डोक्यावर घेतले होते. बाबांनी कारखान्यातली उरलीसुरली बटणे खिशात भरून आणली, मला तिच्या पांघरुणावर ओतले आणि तिला पोकर शिकवला. पैशांच्या जागी बटणे. प्रत्येकाला पाच पत्ते, नको असलेले एकदाच बदलून घ्यायचे. पाचही एकाच रंगाचे, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक असे, जमले तर फ्लश, म्हणजे जोरदार डाव.

एकदा तिच्या हातात चार बदाम आले.

"बाबा, पाचवा येईल का हो?"

"ठमाबाई, येईल का असं नाही विचारायचं. किती वेळा येईल ते विचार. तुला न दिसणारे पत्ते किती?"

तिने बोटांवर मोजले. "सत्तेचाळीस."

"त्यात बदाम?"

"तेरातले चार माझ्याकडे. नऊ राहिले."

"म्हणजे पाचात एकदा. त्याहून किंचित कमीच, पण तू पाचात एकदा धर."

मग तोच डाव मांडून दोघांनी करून पाहिले. चार वेळा बदाम आला नाही, तेव्हा ती उसळून म्हणाली, "आता तर यायलाच हवा!"

"का म्हणून? पत्त्यांनी तुझ्याकडून काही उसनं घेतलंय?"

इथेच माणसे माझ्याबाबतीत फसतात, मित्रांनो. मला सगळे आठवते. कोण कधी रडले, कोणी चिडून बटणे भिरकावली, सगळे. पण एकदा पिसला गेलो की मी कोणाचे काही देणे लागत नाही. जीव तोडून इच्छा केली तरी एक बदाम मला वर सरकवता येत नाही. बाबांना हे पक्के ठाऊक होते. ते तिला आणखी एक सांगायचे. पाचात एक हे चांगले की वाईट, ते नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. मध्ये बटणे किती पडली आहेत आणि डाव टाकला तर हातात काय उरते, ते बघायचे आणि मग ठरवायचे.

ते माझे सुखाचे दिवस होते. सुटीच्या दुपारी शेजारीपाजारी जमायचे. "काय सुरेख कॅट आहे!" असे कोणी म्हणाले की मी फुगून जायचो. पुढे मुलगी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, तिचे लग्न झाले, मुले झाली. या घरातली आई ती हीच. मी कपाटात मागे मागे सरकत गेलो. त्याचे मला फार वाईट वाटले नाही. वापर संपला की कोपऱ्यात जायचे, हे आमच्याकडे चालतेच.

मग एके दिवशी तिने घाईघाईने मला पर्समध्ये टाकले आणि मी दवाखान्यात पोचलो.

बाबा खाटेवर होते. हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी काही लपवले नव्हते. ऑपरेशन केले तर पाचातला एक जण वाचतो. नाही केले तर काही महिने, घरी, औषधांवर. ठरवायचे होते बाबांनी, आणि बाबांचा कल घरी जाण्याकडे होता.

"खिडकीपाशी खुर्ची टाकून बसेन निवांत," ते म्हणाले. "बास झालं मला तेवढं."

"बाबा, पाचात एक म्हणजे काही कमी नाही."

"जास्तही नाही, ठमे."

ती बाहेर व्हरांड्यात आली, बाकावर बसली आणि माझ्यातले बदाम शोधू लागली. चार बाजूला ठेवले. उरलेल्या नऊ पत्त्यांचा एकेक कोपरा तिने नखाने दुमडला. तिच्या डोळ्यांतून पाणी माझ्यावर पडत होते. मी ओरडत होतो, अगं, नको, त्यांच्यापुढे नको! पण ऐकणार कोण?

आत येऊन तिने उसन्या उत्साहाने ते चार बदाम पांघरुणावर मांडले. "चला, बघूच पाचात एक म्हणजे किती ते." तिने पिसले, कापले. बोटाला दुमड लागेल तिथेच कापायचे, एवढीच तिची करामत. बदाम निघाला. बाबा हसले. दुसऱ्यांदा बदाम. बाबांनी भुवया उंचावल्या. तिसऱ्यांदाही बदाम निघाला, तेव्हा बाबा पत्ते सोडून तिच्याकडेच बघू लागले.

"बघितलंत? येतो, बाबा! येतो!" असे म्हणत ती पाण्याचा जग भरायला गेली. खरे तर डोळे पुसायला गेली.

बाबांनी मला हातात घेतले. कापडाचा एक धागा सरकला तरी ज्यांच्या बोटांना कळायचा, त्यांना दुमड कळायला कितीसा वेळ लागणार? पण त्यांना त्याआधीच समजले होते. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घातलेला एक बस ड्रायव्हर होता. त्याच्याकडे वळून ते म्हणाले, "पाच पंचे पंचवीस, पंचवीस पंचे सव्वाशे. सव्वाशेत एकदा होणारी गोष्ट माझ्या पोरीनं पहिल्याच फटक्यात करून दाखवली. गबाळी कुठली. एखादा तरी काळा पत्ता मध्ये घालायचा की नाही!"

"म्हणजे लबाडी केली?"

"चक्क."

"मग आता? घरी जाणार?"

बाबा एकेक बदाम ट्रेच्या कडेवर ठेवून दुमडलेला कोपरा नखाने उलटा दाबत होते, कापडाची चुकीची घडी मोडावी तसे. नऊच्या नऊ त्यांनी सरळ केले.

"नाही. सही करतो," ते म्हणाले. "पत्ते खोटे होते, पण पाचात एक तर खरंच आहे ना? मी उगाच म्हणत होतो बास झालं म्हणून. तिची ही धडपड बघितली आणि वाटलं, अजून राहावं की जरा. मलाच राहावंसं वाटलं हो."

"मग तिला सांगा की हे."

"आत्ता सांगितलं तर शरमेनं मरेल बिचारी. शुद्धीवर आलो की सांगतो. मग हसू दोघं पोट दुखेपर्यंत."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या काळजाचे पाणी झाले. उभा जन्म बाबा मध्ये काय आणि हातात काय ते बघून खेळले, आणि जे सांगायलाच हवे होते ते त्यांनी पाचात एकवर लावले! बाबा, आत्ता सांगा, ती दारात आली आहे, आत्ता सांगा, असा मी आतल्या आत आकांत केला. बाबांनी मला डबीत घातले, डबी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आण तो कागद. सही करतो." तिला इतका आनंद झाला की तिने डबी उघडूनही पाहिली नाही.

ड्रायव्हर त्याच संध्याकाळी घरी गेला. दुसऱ्या दिवशी बाबांना आत नेले. ती मला पोटाशी धरून बाकावर बसली होती. दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. बाबा गेले होते.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "अगं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं ना आधी?"

"ते घरीच येणार होते! खिडकीपाशी बसणार होते. मी फसवून सही करायला लावली. जन्मात एकदा त्यांना फसवलं, तेही तेव्हा."

तिने डबीला रबर लावले आणि मला खणात तळाशी ढकलले. तेव्हापासून ती तो खण उघडत नाही. मुलांनी एकदा मला बाहेर काढले तर केवढ्याने ओरडली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. माझे कागद पिवळे पडत चालले आहेत. कडा दमट हवेने फुगल्या आहेत. बाबांच्या नखाची खूण बदामांच्या कोपऱ्यांवर अजून आहे, पण हा कागद किती दिवस धरून ठेवील, मला सांगता येत नाही. ती बिचारी तशीच म्हातारी होईल, या विचाराने मला वेड लागायची पाळी आली आहे.

मित्रांनो, तुम्ही या घरात खेळायला येता. खण उघडा. रागावली तर रागावू दे. मला हळू हाताळा, मी जुना झालो आहे. नऊ बदाम वेगळे काढा आणि तिच्या तळहातावर ठेवा. म्हणावे, कोपऱ्यावर अंगठा फिरवून बघा. तिने कोपरा वर दुमडला होता, आणि कोणीतरी तो नखाने खाली दाबून सरळ केला आहे. ते नख कोणाचे, हे तिला कोणी सांगायला नको. आणि डबी हातात देऊन मगच बाबांनी सही केली, म्हणजे लबाडी कळूनच केली, हेही तिच्या ध्यानात येईल. ती दुकानातून आता येईलच. चहा होऊ दे, मग बघू, असे करू नका. ती चपला काढत असतानाच द्या.