अर्धा फेरा

मी तेलशुद्धीकरण कारखान्यातला एक जुना पंप आहे. पण मित्रांनो, मला बिचारा म्हणाल तर खबरदार! आपल्याच जमिनीतलं कच्चं तेल मी भट्टीत ढकलायचो. ते तापून उंच मनोऱ्यात चढलं की पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगवेगळं निघायचं. पाहुणे मनोऱ्यासमोर फोटो काढायचे, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. मिस्त्रीकाका मात्र रोज माझ्या पाठीवर हात ठेवून विचारायचे, "काय रे, आज कण्हतोस का?"

मग नवे साहेब आले. "तयार डिझेल बाहेरून स्वस्त पडतं. हा कारखाना बंद करा," म्हणाले. आपलं कच्चं तेल जहाजाने परदेशी जायचं आणि डिझेल मात्र तिकडून विकत यायचं. आपलं दूध शेजारणीला द्यायचं आणि तिच्याकडून दही विकत घ्यायचं, ही कुठली अक्कल? भंगारवाल्याने माझ्या पोटावर खडूने फुली मारली, पण सौदा कागदपत्रांतच अडकून राहिला. मला असा राग आला म्हणता!

बंद पंपाचा दांडा एकाच जागी राहिला तर वाकतो. म्हणून मिस्त्रीकाका निवृत्तीनंतरही दर सोमवारी येऊन तो हाताने अर्धा फेरा फिरवायचे. त्यांची मुलगी बस चालवायची. ती म्हणायची, "बाबा, मेलेल्याला कशाला औषध पाजताय?"

"तुझी बस कशावर चालते गं?" काका विचारायचे.

दुसऱ्या वर्षी बाहेरच्या देशांनी डिझेल स्वतःसाठी राखून ठेवलं. जहाजं आलीच नाहीत. मुलीची बस डेपोत उभी राहिली. रुग्णालयाच्या जनरेटरला दोन आठवड्यांचंच डिझेल उरलं. साहेब धावत आले. "पंप गंजला असेल ना?"

"हात लावून बघा," काका म्हणाले.

साहेबांनी दांडा फिरवला. मी कुरकुरलोसुद्धा नाही! दहाव्या दिवशी मनोऱ्यातून डिझेल उतरलं आणि पहिला टँकर रुग्णालयाकडे गेला. साहेबांनी फुली पुसायला फडकं मागवलं. "राहू द्या," काका म्हणाले, "आठवण राहील."

मित्रांनो, मी म्हातारा आहे, दुरुस्ती मागतो, खर्चही करायला लावतो. पण अडल्या वेळी दुसऱ्याच्या दारात उभं राहायची पाळी आणत नाही. आपलं जे आहे ते बंद असलं तरी गंजू देऊ नका.

गेल्या सोमवारी भट्टीच्या दुरुस्तीसाठी मला थांबवलं होतं. काकांचे हात आता थरथरतात. मुलीने बसची चावी खिशात टाकली, बाह्या सारल्या आणि मला अर्धा फेरा दिला. फुली अजून पोटावर आहे. येऊ दे त्या भंगारवाल्याला!