साखरेचं झाड

बहिणीला वावराचा फोटो पाठवू नये, हे मला आता पटलं आहे. तीन एकरांचा फोटो पाठवला आणि हिने काय पाहिलं? कोपऱ्यातलं एक फूल. नखाएवढंही नव्हतं ते.

आशा माझी धाकटी बहीण. अकोल्याला जठारपेठेत राहते. नवरा गेला आणि बाईला एकाएकी बापाचं वावर आठवलं. इतकी वर्षं भाऊबीजेला आली, ओवाळणी घेऊन गेली, कधी चकार शब्द काढला नाही. आता म्हणते, विहिरीच्या वावरात माझा अर्धा वाटा आहे.

आमचं गाव भातकुलीजवळ. अर्ध्या शिवाराच्या विहिरी गोड, नदीच्या अंगाच्या अर्ध्या शिवाराच्या खाऱ्या. बाबांची विहीर गोड. सहा एकर, बारमाही ओलीत. ते वावर मधून फाडून द्यायचं? मी रात्रंदिवस तिथे राबलो आणि ही पंख्याखाली बसून वाटा मागते. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

तरी मी मोठ्या मनाने तिला दुसरं वावर देऊ केलं. नदीच्या अंगाचं, तीन एकर, मी स्वतःच्या कमाईने घेतलेलं. ते स्वस्तात का मिळालं, हे इथे शेंबडं पोरही सांगेल; पण अकोल्यात कोणाला ठाऊक? "डांबरी रस्त्याले लागून हाय," मी फोनवर म्हणालो. "विहिरीच्या वावरापेक्षा काकणभर सरसच. हे घे आन् बाबाच्या वावरावरचा हक्क सोडून दे." हेच मी जानरावकाकांनाही सांगून ठेवलं. भाऊबंदांत ते सगळ्यांत वडील. त्यांच्यासमोर तोंडातून शब्द गेला की कोणी मागे फिरत नाही. काका तंबाखू मळत राहिले.

आशा म्हणाली, "फोटो पाठव."

आता वैशाखात वावराचा फोटो काय काढणार? भेगा आणि कपाशीच्या पऱ्हाटीची खुंटं. पण बांधाजवळ एक पट्टा ऐन उन्हाळ्यातही हिरवा असतो. मी दिवस उगवायच्या आत गेलो आणि त्या हिरवळीपुढे उकिडवा बसलो. पानांवर थेंब चमकत होते, मध्ये बारीक पांढरी फुलं. असा झकास फोटो आला की मलाच ते वावर पुन्हा विकत घ्यावंसं वाटलं. खाली लिहिलं, "भर वैशाखात ओल पाह्य."

थोड्या वेळात तोच फोटो परत आला. एका फुलाभोवती लाल गोल काढलेला. खाली तिचा मजकूर : "दादा, हे फूल कोनतं? नाव सांग, मंग सही करतो."

माझं टाळकं फिरलं. जमिनीचा सौदा आहे की शाळेतला पेपर? पण सही पाहिजे होती. मी बायकोला, मैनाबाईला, फोटो दाखवला. तिने भाकरी थापता थापता एकदा पाहिलं.

"त्या वावरात मोगरा येते का मोहरी येते, मले नाही माईत," ती म्हणाली. "मीठ येते, येवढं माईत हाय."

घरचीच माणसं अशी, तर बाहेरच्यांना काय बोलणार? चहा तसाच टाकून मी भातकुलीला कुर्बानच्या दुकानात गेलो. कुर्बान बी-बियाणं आणि तणनाशक विकतो, त्यामुळे दिवसभर लोक त्याला तणांचेच फोटो दाखवत असतात. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, पानं पाहिली, फूल पाहिलं आणि हसायलाच लागला.

"किसनभाऊ, ही रुदंती. खाऱ्या जमिनीतच येते. हे थेंब दिसून राहिले ना, हे दव नाही. पानातून खारं पानी सुटते. सारं वावर सोडून तुमी नेमका इसकाच फोटो काढला?"

"हळू बोल. मले काय माहीत? हिरवं दिसलं."

"तेच तं. बाकी सब सूख जाता है, हेच हिरवं राह्यते. दुसरा फोटो पाठवा."

"आता कसा पाठवू? तिनं यालेच गोल करून ठेवलं."

"मंग खरं सांगून द्या. बहीनच हाय."

फुकटचा सल्ला द्यायला याच्या बापाचं काय जातं? दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही दात काढायला लागली. मी फोन हिसकावून घेतला आणि तिथेच उभ्याउभ्या आशाला लिहिलं, "रानमोगरा. जिथं गोड ओल असते तिथंच येते."

उत्तर आलं : "बरं. रविवारी येतो. जानरावकाकाले बी बोलावून ठेव."

रविवारी ती आली. घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही, चहाला नाही म्हणाली, "आधी वावर" म्हणाली. मैनाबाई दारातूनच तिच्याकडे पाहून हसली. हे हसणं मी लक्षात ठेवलं आहे. आम्ही तिघं निघालो : पुढे मी, मागे आशा, तिच्या मागे काठी टेकत काका. बाई जन्मात ढेकूळ फोडायला आली नाही, हिला मातीतलं काय कळणार, या भरवशावर मी होतो.

ती सरळ त्या हिरव्या पट्ट्याशी गेली. खाली बसली आणि एक डहाळी तोडली.

"हाच काय रानमोगरा?"

"हाच."

"काका," ती म्हणाली, "हे वावर आन् विहिरीचं वावर, सारखेच हायेत काय?"

"मले नोको इचारू," काका म्हणाले. "किसनाले इचार."

"सारखे काय, हे सरस," मी म्हणालो. एकदा बोललेलं फिरवायचं म्हणजे काय?

मग आशा उठली आणि ती डहाळी तिने माझ्या तोंडासमोर धरली.

"मामाच्या गावाले, नदीच्या काठानं, तू मले हे दाखवलं होतं. म्हनला, साखरेचं झाड हाय, चाट. माहं तोंड आलं होतं तवा. मी तुह्यावर भरोसा ठेवून चाटलं. मी रडून राह्यली होती आन् तू साऱ्या पोरायले बोलावून हासत होता. फोटो पाहाताच म्या वळखलं याले."

मला तसलं काही आठवत नाही. आणि असेल तरी काय? लहानपणी कोण कोणाची मस्करी करत नाही? तेवढ्यावरून इतकी वर्षं डूख धरून बसायचं?

"आज तू चाट," ती म्हणाली. "आन् काकासमोर खरं सांग. खारट हाय म्हन, बस. इतलंच मले आयकाचं हाय. विहिरीचं सारं वावर तुले. आत्ता, इथंच सही करतो."

खरंच, तिने पिशवीतून कागद-पेन काढलं.

काका काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडे पाहत होते. मी डहाळी घेतली आणि चाटली. मूठभर मीठ जिभेवर टाकावं तसं झालं. डोळ्यांत पाणी आलं. एक शब्द बोलायचा होता, सहाच्या सहा एकर माझे होते. पण खारट म्हणालो असतो, तर काका उद्या पारावर काय सांगणार होते? किसनाने बहिणीला खारी जमीन गोड म्हणून देऊ केली, हेच ना? आणि ही बाई, माझ्या हाताखाली वाढलेली, माझ्याकडून कबुली घेणार? माझा संताप संताप झाला.

"गोड हाय," मी म्हणालो.

आशाने कागद-पेन परत पिशवीत टाकलं. तिला आनंद झालेला दिसला नाही. उलट तिचं तोंड असं उतरलं की हरली तीच, असं कोणीही म्हटलं असतं. तेही नाटकच असणार.

"मंग हे सरस वावर तूच ठेव दादा," ती म्हणाली. "मले उन्नीस, हलकं वावर चालते. बाबाच्या वावरातला माहा अर्धा वाटा मी घेतो. विहिरीकडचा."

"झालं तं मंग," काका म्हणाले. "दोघंबी आपल्या तोंडानं बोलले." आणि काठी उचलून चालू लागले.

परतताना विहिरीवरून वाट आहे. माझी जीभ टाळूला चिकटली होती, पण त्यांच्यासमोर थुंकणार कसा? आशाने बादली सोडली, पाणी ओढलं, ओंजळीने पोटभर प्याली. मग बादली माझ्याकडे सरकवली.

"पी ना दादा," ती म्हणाली. "हे खरंच गोड हाय."

मी तसाच घरी आलो.