डाव्या चाकाची धाव

"ह्याला दांडा न्हाई," जानकी म्हणाली आणि तिनं लाकूड तासायचा वाकस परत ढिगावर टाकला.

"म्हनून तर स्वस्तात द्यायलोय, बाई," फकीर हसत म्हणाला. "दांडा असता तर माझ्याकडं कावून आला असता?"

गेवराईच्या पेठेच्या टोकाला फकीरचं जुन्या लोखंडाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चिंचेखाली अंथरलेलं एक किलतान. त्यावर झिजलेले फाळ, दारांच्या कड्या, घोड्यांचे नाल आणि कुणाकुणाच्या हातातून सुटलेली हत्यारं. नवी हत्यारं पलीकडच्या दुकानात होती, काचेसारखी चकचकीत. जानकीनं तिकडं नुसती नजर टाकली होती.

तिनं वाकस पुन्हा उचलला, सुतळीला लटकवला आणि एका खिळ्यानं हलकेच ठोकला. लोखंडात चीर आहे का ते कळावं म्हणून आवाज विरेपर्यंत मान कलती करून ऐकत राहिली. फकीरचं हसू थांबलं.

"हे कुनी शिकवलं तुला?"

"बानं. आश्रुबा गाडीवान."

फकीरनं हातातली कडी खाली ठेवली. "गेला म्हनून ऐकलं. तीन दिवसांच्या तापात." त्यानं ढिगाकडं हात केला. "अर्धा अर्धा दिवस हितं बसायचा. समदा ढीग ठोकून बघायचा, न् घ्यायचा एक खिळा."

"घरी येऊन म्हनायचा, फकीरनं आज लुबाडलं."

"एका खिळ्यात?"

"हां."

दोघंही हसली नाहीत, पण हसण्याच्या जवळ आली.

आश्रुबाची गाडी पेठेतल्या शेठचा सरकी-कापूस वाहणाऱ्या गाड्यांच्या रांगेत होती. गेवराईत कापूस भरायचा, शहागडला गोदावरी ओलांडायची आणि जालन्याच्या स्टेशनात उतरवायचा. रांगेतली जागा ज्याची त्याची, बापानंतर घराची. पण लागोपाठ तीन बाजार गाडी उभी राहिली नाही, की जागा दुसऱ्याची. दोन बाजार सुतकात आणि दिवसपाण्यात गेले होते. तिसरा चार दिवसांवर होता. आणि शेवटच्या खेपेत डाव्या चाकाची धाव, लाकडी घेरावरची लोखंडी कडी, सैल झाली होती. दोरखंडानं आवळून आश्रुबानं ती कशीबशी घरी आणली आणि जो पडला तो उठला नाही. दोरखंड अजून तसाच होता.

तेराव्याच्या दिवशी पानं उचलायच्या आत चुलता रामहरी हत्यारांची पेटी उचलून घेऊन गेला. "बायामानसाला काय करायची?" एवढंच बोलला. गहिनीनाथ सुतार दर वर्षी आश्रुबाकडून बलुतं न्यायचा, तोही चाकाकडं बघेना. रामहरी त्याच्या घरी जाऊन आला होता. रामहरीचीही गाडी होती. रांगेत मात्र जागा नव्हती.

जानकीनं वाकस, एक पटाशी आणि हातोड्याचं डोकं बाजूला काढलं. तिन्ही बिनदांड्याची. दांड्याला बाभळ दारातच होती. मग तिनं टोपलीतून मडकं काढून फकीरच्या पुढ्यात ठेवलं. फकीरनं बोट बुडवलं, चिमटीत घासलं, हुंगलं.

"तुज्या बाचं वंगन?"

"एरंडेल मीच काढते. राख बी मीच मिसळते. बा नुसतं आपलं नाव सांगायचा."

"गाडीवाले रोज इचारत्यात ह्याला." त्यानं तिन्ही हत्यारं तिच्याकडं सरकवली आणि वर मोडक्या दाराची एक लोखंडी पट्टी ठेवली. भोकं पडलेली, थोडी वाकलेली. "ही बी ने."

"फुकटचं नगं."

"फुकट कोन देतंय? मडकं ठेवून जा."

जानकीनं मडकं ठेवलं.

घरी आली तेव्हा रामहरी ओट्यावर बसला होता. पुडक्याकडं त्यानं एकदाच बघितलं.

"जानके, इळा-खुरपं घेतलं असतंस तर शोभलं असतं."

"इळ्यानं पाचर बसत न्हाई, काका."

"हे बग. नवरा साथीत गेला, तवापासून माज्या भावानं तुला पोसलं. आता मी पोसतो. बैल मी जुंपतो, जागा घरातच ऱ्हाती. तू भाकरी खा."

"अकरा साल भाकरी थापल्यात मी. खायची बी हाय, पर माज्या गाडीची."

"बाईच्या हातात कासरा बगून बैल बुजत्याल."

"त्यांना वैरन कोन टाकतं?"

रामहरी उठून गेला. जाताना गाडीच्या दोरखंडाला हात लावून बघितला, जणू काही तो अजून किती दिवस टिकतो त्याचा अंदाज घेत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं हत्यारांना बाभळीचे दांडे बसवले, फाट्याची तरफ लावून चाकांमधला आख उचलला, धोंड्यांवर टेकवला आणि चाक काढलं. अकरा वर्षं ती या कामाला बापाच्या मागं बसली होती. आश्रुबा मागं न बघता हात मागं करायचा आणि जे हवं ते त्या हातात पडायचं. आधी वाकस, मग पटाशी, मग हातोडा. हा क्रम तिला श्वासासारखा पाठ होता. बाभळीच्या पाचरी तासल्या, लाकूड आणि धाव यांच्या फटीत एकेक ठोकून बसवली. धाव घट्ट झाली. चाक ढकलत ओढ्यावर नेलं आणि लाकूड फुगावं म्हणून रात्रभर डोहात ठेवलं.

सकाळी चाकाच्या लाकडी घेरात वीतभर तडा गेला होता.

ती काठावर बसून राहिली. ओढ्यावर आश्रुबा एकटाच यायचा. ती तेव्हा चुलीशी असायची. आधी पाणी पाजायचं आणि मग उरलेल्या फटीपुरती पाचर ठोकायची, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. कोरड्यात ठासलेली पाचर पाण्यात फुगली होती. एवढं एक शिकायचं राहून गेलं होतं, आणि आता विचारायला कोणी नव्हतं.

मग तिला फकीरची पट्टी आठवली.

चाक आणून तिनं अर्ध्या पाचरी काढल्या. पट्टी तापवून, ठोकून घेराच्या वळणावर आणली. ती तड्यावर टेकवून, सळई लाल करून पट्टीच्या भोकांतून लाकडात भोकं पाडली. धुरानं डोळे चुरचुरत होते. कुंपणापलीकडं कुणीतरी उभं असल्याचं तिला कळलं. गहिनीनाथ होता.

"खिळा आरपार काढून मागनं वळव," तो म्हणाला. "न्हाई तर पैल्या खड्ड्याला सुटंल."

"आत येऊन दावा की, गहिनीदादा."

"मी वावरात चाललोय. मी काय बोललो न्हाई." तो गेला.

तिनं खिळे मागून वळवले.

बाजाराच्या दिवशी शेठच्या वखारीपुढं गाड्या लागल्या. मुनीम नावं पुकारू लागला. "आश्रुबा सटवा" असं म्हणून तो थबकला.

"वारला," रामहरी पुढं होऊन म्हणाला. "भाऊ हाय मी. माझी गाडी घ्या."

"गाडी उभी हाय," जानकी मागून म्हणाली.

गाडीवान वळून बघू लागले. कुणीतरी फिसकन हसलं. मुनीम चष्मा सावरत आला, डाव्या चाकाभोवती फिरला, काठीनं धाव ठोकली. खणखणीत वाजली.

"ही पट्टी कुनी मारली?"

"मी."

"टिकंल?"

"जालन्याहून येऊन सांगते. न्हाई टिकली तर नाव काडा."

मुनीमानं लेखणी कानावरून काढली. "मग काय नाव लिवू?"

"हाय ते ऱ्हाऊ द्या."

त्यानं लेखणी परत कानावर ठेवली. मग जागेवर जाऊन त्यानं पहिल्यासारखंच मोठ्यानं पुकारलं, "आश्रुबा सटवा."

"हाय," जानकी म्हणाली.

गाडी भरली. निघताना रामहरी काखेत आश्रुबाची पेटी घेऊन आडवा आला. "वाटंत लागंल. ने."

"ठिवा तुमच्याकडं. माजी हत्यारं हायेत."

"अगं, तुज्याच बाची हाय."

"मला ठाव हाय, काका," ती म्हणाली आणि बैलांना हाक दिली.

शहागडच्या उतारावर डावं चाक कुरकुरलं. मागच्या गाड्यांना हात करून तिनं बैल थांबवले, खाली उतरली, चाकाशी उकिडवी बसली. एक पाचर बोटभर वर आली होती. चाकावरची नजर न हलवता तिनं उजवा हात मागं केला.

हात तसाच रिकामा राहिला. खाली नदीत पुढच्या गाडीचे बैल पाण्यात शिरत होते.

मग ती वळली, पुडक्यातून हातोडा तिनं स्वतःच काढला आणि पाचर आत बसवली. तीन ठोक्यांत.